तीन ओळींतली पहाट

निसर्गकविता दुःखी माणसाला धीर देते, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु हा धीर ती नेमका कशाने देते, याचा विचार क्वचितच होतो. मराठी हायकूच्या निमित्ताने तो येथे करावयाचा आहे.

हायकू ही मूळची जपानी कविता. ती मराठीत रुजविण्याचे श्रेय शिरीष पै (१९२९-२०१७) यांच्याकडे जाते. आचार्य अत्रे यांच्या या कन्येने जपानी हायकूतील पाच, सात, पाच या उच्चारगणनेचा हट्ट धरला नाही. तीन ओळी तेवढ्या ठेवल्या आणि त्यांपैकी दोहोंत यमक साधले. पाखरू, पाऊस, फूल, उजेड असे रोजचेच विषय त्यांत येतात. कवयित्री एक क्षण टिपते आणि थांबते. पुढचे वाचकावर सोपविते.

हे थांबणे किती वेगळे आहे, ते रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या 'केवढे हे क्रौर्य!' या कवितेशेजारी ठेवले म्हणजे कळते. पाठ्यपुस्तकांमुळे ती कित्येक पिढ्यांच्या परिचयाची आहे. घायाळ पक्षीण पिलांसाठी चारा घेऊन कशीबशी घरट्याशी पोहोचते, त्यांच्याशी बोलते आणि प्राण सोडते. येथे पाखराला माणसाची वाचा मिळाली आहे. म्हणूनच आपली करुणा जागी होते. हायकू पाखराला पाखरूच राहू देतो. ते आपल्यासाठी गात नाही, आपले दुःख जाणत नाही. तरीही पहाटे ते फांदीवर असते. टिळक आपल्याला रडवितात. हायकू आपल्याला क्षणभर स्वतःच्या बाहेर काढतो. दुःखिताला दोहोंची गरज असते. मात्र रडून झाल्यावर जे लागते, ते हायकूजवळ आहे.

ही सुखवस्तू माणसाची करमणूक नव्हे. जपानी कवी इस्सा (१७६३-१८२८) याची आई तो लहान असतानाच वारली. पुढे त्याची चार मुले एकामागून एक दगावली, पत्नी गेली, अखेरच्या वर्षांत घर जळाले. त्या माणसाने चिमण्या, बेडूक, माश्या यांच्यावर कविता लिहिल्या. त्यांत दुःख लपविलेले नाही. फक्त दुःखाशेजारी एका चिमणीला जागा दिली आहे.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यालाही हे अपरिचित नसावे. मेहकरला राहून वकिली करणारे ना. घ. देशपांडे (१९०९-२०००) हायकूकार नव्हेत, गीतकार. 'खूणगाठी' या संग्रहास १९८६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. पण 'शीळ' (१९५४) या पहिल्या संग्रहाच्या नावातच त्यांची वृत्ती दिसते. रानातून एक शीळ जाते आणि सारे रान भरून जाते. थोडक्यात पुष्कळ सांगणारा कान या मातीतही होता.

आज मात्र हायकूच्या नावाखाली जे छापले जाते, त्याविषयी तक्रार करावीशी वाटते. दोन ओळींत सूर्य उगवतो आणि तिसऱ्या ओळीत कवी वाचकाला 'तूही असाच ऊठ' म्हणून बजावतो. हा हायकू नव्हे. हे छोटे प्रवचन झाले. हा दोष मला चटकन ओळखू येतो, कारण तो माझ्या व्यवसायाचा आहे. तिसऱ्या ओळीत उपदेश शिरला की पहिल्या दोन ओळींतील सूर्य मावळतो.

काही वर्षांपूर्वी घाटाखालच्या एका गावी, मुलगा गमावलेल्या मातेच्या भेटीस गेलो होतो. सांत्वनाचा उतारा खूण घालून तयार ठेवला होता. बाई उंबऱ्याशी बसून होत्या. कितीतरी वेळाने म्हणाल्या, "चिमण्या आल्या होत्या आज, फादर." एवढेच. मी पुस्तक उघडले नाही. त्या वाक्याला यमक नव्हते, ओळी नव्हत्या. तरी हायकूचे सारे सामर्थ्य त्यात होते. कित्येक दिवसांनी त्यांची दृष्टी अंगणापर्यंत गेली होती.

अशा कवितेने पाऊस पडत नाही, कर्ज फिटत नाही, गेलेले माणूस परतत नाही. तसा दावा करणारा समीक्षक वाचकाची फसवणूक करतो. प्रभू येशूनेही चिमणी पडणारच नाही, असे कोठे म्हटलेले नाही. तिचे पडणे पित्याला अज्ञात नसते, एवढेच तो सांगतो. आणि चिंतेने ग्रासलेल्यांना तो प्रथम आकाशातील पाखरांकडे पाहावयास सांगतो. आधी पाहणे, मग बोध. चांगला हायकू या पहिल्या पायरीवर प्रामाणिकपणे थांबतो.

मी निघालो, तेव्हा त्या माउली ज्वारीचे मूठभर दाणे घेऊन अंगणात उतरत होत्या.