पडद्यावरील स्वमग्न पात्रांची भाषा

मराठी प्रेक्षकाच्या मनातील ‘वेगळ्या’ मुलाचे चित्र पुष्कळ अंशी ‘चौकट राजा’ (१९९१) मधील नंदूने घडविले आहे. परंतु नंदूची बौद्धिक अक्षमता बालपणीच्या अपघातातून आलेली. ती स्वमग्नता नव्हे. या दोन अवस्था एकच मानण्याची सवय जडली असल्यामुळे स्वमग्न पात्रे भाषेच्या कसोटीवर पारखून घेणे अगत्याचे आहे.

लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांचे वर्णन करताना त्यांच्या पुनरुक्तीची दखल घेतली. ऐकलेले वाक्य सर्वनामासकट जसेच्या तसे उच्चारणे हे तिचे लक्षण होय. ‘तुला पाणी हवे का?’ या प्रश्नावर मूल तेच वाक्य उच्चारते, तेव्हा त्याचा अर्थ पुष्कळदा ‘हो, हवे’ असा असतो. तात्पर्य, पुनरुक्ती अर्थशून्य नसते.

करण जोहर यांच्या ‘माय नेम इज खान’ (२०१०) मधील रिझवान, माणसे चांगली आणि वाईट अशी दोनच प्रकारची असतात, ही आईची शिकवण शब्दशः घेतो. शब्दार्थाला घट्ट धरून राहण्याच्या या वृत्तीला चित्रपटाने नैतिक बळ दिले, हे श्रेय मान्य केले पाहिजे. तथापि त्याचे पुनःपुन्हा येणारे वाक्य मुख्यतः चित्रपटाचा संदेश वाहते; त्याची स्वतःची गरज, नकार वा कंटाळा त्यापुढे फिका पडतो.

अनुराग बसू यांच्या ‘बर्फी!’ (२०१२) मध्ये झिलमिल फार थोडे बोलते, आणि नायक मूकबधिर आहे. अखेरीस ती त्याचे नाव घेऊन हाका मारते. त्याला ते ऐकू येत नाही. ऐकते ती श्रुती, आणि स्वतःचे नुकसान पत्करून ती हाक त्याच्यापर्यंत पोहोचविते. एका शब्दाच्या पुनरुक्तीला येथे अर्थ लाभतो, कारण ती ऐकून घेणारे कोणी आहे. भाषाव्यवहाराचे हे मर्म ‘बर्फी!’ने अधिक नेमके पकडले आहे.

हा भेद केवळ रसग्रहणापुरता नाही. भंडारा जिल्ह्यात घरी झाडीबोली, शाळेत प्रमाण मराठी आणि दूरचित्रवाणीवर हिंदी अशा वातावरणात वाढणारे स्वमग्न मूल एखाद्या जाहिरातीतील हिंदी वाक्य उच्चारून भूक सांगत असेल, तर ते ओळखणार कोण? पुनरुक्ती ही निव्वळ चमत्कारिक लकब, असे पडद्यावरून शिकलेला शिक्षक त्याला गप्प बसवील. कोणते वाक्य कोणत्या प्रसंगी आले याची नोंद बोलीच्या अभ्यासकाने ठेवली, तर तेच मूल बोलके ठरेल.