मोनिकाची खोली आणि माजघर

दोन्ही मालिका एका नवरीपासून सुरू होतात. २२ सप्टेंबर १९९४ रोजी अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर ‘फ्रेंड्स’चा पहिला भाग लागला. त्यात पावसात भिजलेली, लग्नाच्या पांढऱ्या पोशाखातली रेचल ग्रीन कॉफीच्या दुकानात शिरते. दातांच्या डॉक्टरशी ठरलेलं लग्न ऐन वेळी टाकून ती पळालेली असते. भाग संपता संपता तिचे मित्र तिच्याकडून वडिलांच्या पैशांवर चालणारी क्रेडिट कार्डं कापून घेतात. २०१५ साली झी मराठीवर ‘दिल दोस्ती दुनियादारी’ आली. तिच्यातली रेश्मा लग्न मोडून नव्हे, लग्न करून मुंबईत येते. नवरा दुसरीकडे गुंतलेला आहे हे तिला इथं आल्यावर कळतं, आणि ती ज्या घरात राहू लागते तिथं काही तरुण मुलंमुली आधीपासून एकत्र राहत असतात.

मराठी मालिका म्हणजे ‘फ्रेंड्स’ची नक्कल, असं तेव्हा बरेच जण म्हणत. सहा जण, तीन मुलं, तीन मुली, एक घर, त्यात एक खादाड आणि एक टापटिपीचा. एवढ्या खुणा जुळल्या की आपल्याकडे निकाल लागतो. पण या दोन नवऱ्या शेजारी शेजारी उभ्या केल्या की नकलेचा मुद्दा गौण वाटू लागतो. रेचलला मित्रांच्या खोलीत येण्यासाठी फक्त धाडस लागतं. रेश्माला त्याच खोलीत येण्यासाठी आधी लग्न लागतं आणि मग त्या लग्नाचा विश्वासघात लागतो. अविवाहित मुलगी आपल्या मर्जीनं मुलांबरोबर राहायला आली असती, तर रात्रीच्या मालिकेला बसणाऱ्या घरातल्या बायांनी तिला आपलं म्हटलं असतं का? लेखकांना हा प्रश्न पडलेला असणार. रेश्माला त्यांनी फसवली गेलेली सून केलं, म्हणून तिच्यासाठी दार उघडलं.

मी खामगावला बसून हे लिहितो आहे आणि माझं सगळं लक्ष दाराकडे आहे, याला कारण आहे. आमच्या बुलढाणा जिल्ह्यातून दर जूनमध्ये पोरं निघतात. कुणी मलकापूर-शेगावहून रेल्वेनं, कुणी रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं. पुणे, संभाजीनगर, नागपूर, मुंबई. उलट दिशेनं शेगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजला बाहेरगावची पोरं येतात आणि गावातल्या वरच्या मजल्यावरच्या खोल्या भरून जातात. या सगळ्यांच्या बोलण्यात ‘मित्र’ हा शब्द नंतर येतो, आधी ‘रूम’ येतो. रूम पाहायला जाणं, रूम पार्टनर, रूमवर ये. मैत्री ही खोलीच्या पोटी जन्माला येते. म्हणून मित्रांच्या गटावरची कुठलीही विनोदी मालिका पाहताना मला पहिला प्रश्न पडतो तो भाड्याचा.

‘फ्रेंड्स’नं या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात उरकलं आहे. मॅनहॅटनमधली ती प्रशस्त, जांभळ्या भिंतींची खोली मोनिकाच्या आजीच्या नावावर आहे. भाडेनियंत्रण कायद्यामुळे भाडं जुन्या दरानं चालू आहे आणि नात तिथं चोरून राहते. मुंबईच्या पागडीच्या घरांशी परिचय असलेल्याला यात काही नवल वाटणार नाही. पण एकदा हे सांगून टाकलं की मालिका दहा वर्षं आणि २३६ भाग निश्चिंत होते. वेटरचं काम करणारी रेचल महिन्याचे पैसे कुठून देते, हे मग कुणी विचारत नाही.

तरीही पैशाविषयी या मालिकेनं एकदा फार खरं बोलून ठेवलं आहे. दुसऱ्या पर्वातला पाच स्टेक आणि एका वांग्याचा भाग मी वर्गात मुद्दाम दाखवतो. मोनिकाला बढती मिळते म्हणून सगळे महागड्या हॉटेलात जातात. कमाई बरी असलेले तिघं मेनूकार्डाचा विचारही करत नाहीत. जोई, फीबी आणि रेचल मात्र सर्वांत स्वस्त पदार्थ शोधत राहतात. शेवटी बिल सारखं वाटून घ्यायची वेळ येते तेव्हा ते कुचंबतात. पुढे कमावते तिघं संगीताच्या कार्यक्रमाची तिकिटं आपल्या खिशातून काढतात, तर त्यात उपकार वाटून दुसरे तिघं जातच नाहीत. माझे विद्यार्थी या भागाला इतर भागांसारखे मोठ्यानं हसत नाहीत. मेसचा डबा एक घेऊन दोघांत खाणाऱ्याला, आणि वाढदिवसाची वर्गणी टाळण्यासाठी गावी जाणाऱ्याला, तो भाग कुठल्या देशातला आहे हे सांगावं लागत नाही.

मराठी विनोदानं मात्र खोलीचा प्रश्न कधीच एका वाक्यात उरकला नव्हता. आपल्याकडच्या मित्रांच्या गटाची खरी आद्यकथा ‘फ्रेंड्स’च्या सहा वर्षं आधीची आहे. १९८८ सालचा ‘अशी ही बनवाबनवी’. सचिन पिळगावकरांचं दिग्दर्शन आणि वसंत सबनीसांचं लेखन असलेला हा चित्रपट हृषीकेश मुखर्जींच्या १९६६च्या ‘बीवी और मकान’वर बेतलेला आहे. मूळ हिंदी नावातच मकान आहे. चार मित्र, पुणे शहर आणि फक्त विवाहित जोडप्यांनाच जागा देणारी घरमालकीण. दोघांनी लुगडं नेसल्याशिवाय चौघांना छप्पर मिळत नाही. त्या लुगड्यांना आपण पस्तीस वर्षांहून अधिक काळ हसतो आहोत. त्यामागची अट मात्र अजून जशीच्या तशी आहे. मी स्वतः पुण्यात खोली शोधत फिरलो तेव्हा नावाच्या आधी आडनाव विचारलं गेलं, मग ‘नॉनव्हेज चालत नाही हं’ असं बजावलं गेलं. माझ्याबरोबरच्या मित्राला आडनाव सांगताच खोली ‘कालच दिली’ असं कळलं. त्याच खोलीची पाटी आठवडाभर तिथं लटकत होती.

‘दिल दोस्ती दुनियादारी’ या परंपरेत बसवून पाहिली की तिचं यश आणि तिची मर्यादा एकाच शब्दात सापडते. त्या फ्लॅटला मालिकेनं ‘माजघर’ म्हटलं. जुन्या घरात ओसरीवर कुणीही यावं, माजघरात मात्र घरचंच माणूस यावं. तिथं बायकांचा वावर, तिथं दुपारची झोप, तिथं बाळंतिणीची खाट. पाव्हण्यानं चप्पल काढून ओसरीवर बसावं, माजघराच्या उंबऱ्यापाशी हाक मारावी. भाड्याच्या फ्लॅटला हे नाव देताना मालिका प्रेक्षकांना सांगत होती की ही पोरं परकी नाहीत, एकमेकांचे घरचे झाले आहेत. अमेरिकन मालिकेतला गट घरच्यांपासून सुटून मित्रांकडे येतो. मराठी गटाला मित्र व्हायची मुभा मिळते ती घरचे झाल्यावर. कॉफीच्या दुकानातला तो नारिंगी सोफा आपल्याकडे आला नाही तो यामुळेच, असं मला वाटतं. पुढे २०१७मध्ये त्याच कलाकारांना घेऊन ‘दिल दोस्ती दोबारा’ केली, त्यांना ‘खयाली पुलाव’ नावाचं रेस्टॉरंट दिलं. काही महिन्यांत ती संपली. गट ओसरीवर आल्यासारखा झाला, माजघराची ऊब तिथं नव्हती.

माजघर या युक्तीनं मोठं काम केलं. अमेय वाघचा कैवल्य, सुव्रत जोशीचा सुजय, पुष्कराज चिरपुटकरचा आशू, सखी गोखलेची रेश्मा, स्वानंदी टिकेकरची मीनल, पूजा ठोंबरेची अ‍ॅना ही मंडळी आयांना आवडली. ‘फ्रेंड्स’ आमच्याकडची पोरं पेन ड्राइव्हवर आणून, दार लावून, इंग्रजी शिकण्याच्या नावाखाली पाहत. ही मालिका सगळं घर एकत्र पाहत होतं. याचा उपयोग करून पाहणारेही निघाले. मेहकर तालुक्यातल्या माझ्या एका विद्यार्थिनीला पुण्यात नोकरी लागली. ऑफिसातले पाच जण मिळून फ्लॅट घेणार होते, त्यात दोन मुलगे. तिनं वडिलांना मालिकेचा दाखला दिला. वडील रोज ती मालिका पाहत, आशूवर त्यांचा विशेष जीव. ते म्हणाले, “ते शिरीयलमंदलं हाये, बाई.” तिनं शेवटी फक्त मुलींची रूम घेतली.

वडिलांचं ते वाक्य मला समीक्षेचं वाक्य वाटतं. मालिकेनं त्यांना पोरांवर माया करायला शिकवलं, पण दार कसं उघडायचं हे दाखवलं नाही. तिच्यात आडनावं आहेत, घरमालकाच्या आडनावाच्या प्रश्नावर मात्र तिचा विनोद बेतलेला नाही. भांडणं आहेत, पण ती मिटवायला माया पुरते. पाच स्टेकसारखं, मायेनं न मिटणारं भांडण तिला परवडलं नसतं. याचं थोडं खापर दैनंदिन मालिकेच्या गणितावर फोडायला हवं. ‘फ्रेंड्स’चा एक भाग आठवडाभर तालमी करून शेवटी प्रेक्षकांपुढे चित्रित होई, विनोद पडला तर लेखक तिथल्या तिथं बदलत. वर्षाला साधारण चोवीस भाग. आपल्याकडे रोज एक भाग पडद्यावर जातो. मालिकेतले संवाद टवटवीत होते, अभिनेत्यांची एकमेकांना साथ देण्याची शैली खरीखुरी होती, ती २०१६च्या ‘अमर फोटो स्टुडिओ’ या नाटकात त्यांतल्या काहींनी रंगमंचावरही नेली. पण एवढ्या वेगात घरमालकाच्या दाराशी थांबायला फुरसत कुठून असणार?

अमेरिकन मालिकेला अधिक गुण देऊन मोकळं व्हावं, असंही नाही. तिच्या न्यूयॉर्कमध्ये कृष्णवर्णीय माणसं औषधालाच दिसतात. वर्षभर आधी, १९९३ला, यवेट ली बाउझर यांची ‘लिव्हिंग सिंगल’ सुरू झाली होती. ब्रुकलिनमधल्या सहा कृष्णवर्णीय मित्रमैत्रिणींची ती मालिका पाच पर्वं चालली, पण जगभर नाव झालं ‘फ्रेंड्स’चं. ‘फ्रेंड्स’च्या निर्मात्यांपैकी मार्टा कॉफमन यांनी २०२२मध्ये याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला आणि ब्रँडाइस विद्यापीठाला आफ्रिकी-अमेरिकी अभ्यासासाठी ४० लाख डॉलर देण्याचं ठरवलं. तिथंही दारावर कुणीतरी आडनाव विचारलंच होतं, फक्त ते पडद्याबाहेर. आपल्याकडच्या निर्मात्यांना हा प्रश्न कुणी विचारल्याचं मी वाचलेलं नाही.

‘फ्रेंड्स’चा शेवटचा भाग ६ मे २००४चा. मोनिका आणि चँडलर जुळ्या बाळांना घेऊन उपनगरातल्या घरी निघतात, लग्न टाकून सुरू झालेली मालिका संसारावर येऊन थांबते. रिकाम्या खोलीत सहाही जण आपापली चावी काढून ओट्यावर ठेवतात. चाव्या सहा, भाडेकरू कागदावर एकच, तीही बिचारी आजी. हा प्रसंग मी दाखवतो तेव्हा मागच्या बाकांवरून हमखास कुणीतरी विचारतं, “सर, डिपॉझिट परत भेटलं का त्याईले?” दुसरा लगेच सांगतो की रंगाचे पैसे कापले असतील. त्यावर वर्ग जो हसतो, तसा मालिकेतल्या एकाही विनोदाला हसलेला मी पाहिलेला नाही.