वरून आलेला उजेड

पाण्याखालचे फोटो काढायचा नाद लागला की बरीच वर्षं आपण आपलेच फोटो बघतो. जुन्यांकडे नजर उशिरा वळते. हॉगफिश माशाचा १९२६ सालचा फोटो मीही असाच उशिरा, मोठा करून, निवांत पाहिला. पाण्याखाली काढलेला हा पहिला रंगीत फोटो मानला जातो. फ्लोरिडाच्या की वेस्टपासून शंभरेक किलोमीटर पश्चिमेला असलेल्या ड्राय टॉर्टुगाज बेटांपाशी मत्स्यअभ्यासक विल्यम लाँगली आणि नॅशनल जिओग्राफिकचे छायाचित्रकार चार्ल्स मार्टिन यांनी तो टिपला. मासिकाच्या जानेवारी १९२७च्या अंकात तो छापून आला.

पहिल्या नजरेत त्यात काही विशेष दिसत नाही. बाजूने टिपलेला एक मासा, मागे प्रवाळ आणि सगळ्यावर पाण्याचा निळसर-हिरवा पडदा. आजच्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत बाद होईल, इतका मऊ. आपल्याला खवला न् खवला मोजता यायला हवा असतो ना!

पण उजेड कुठून आलाय ते बघा. तो वरून आलाय. पाण्यावर एक तराफा, त्यावर मॅग्नेशियमची पूड आणि उजेड खाली वळवणारा परावर्तक. पुडीचा स्फोट झाला की पंधरा फूट खोलवर लख्ख प्रकाश पडे. खेळ जिवावरचा होता. आज आपला फ्लॅश कॅमेऱ्याच्याच हाताला जोडलेला असतो. मालवणच्या पाण्यात ज्याने तो वापरलाय, त्याला पुढचं सांगायला नको: लेन्ससमोरचा कणन् कण उजळतो आणि माशाआधी पांढऱ्या ठिपक्यांचा पाऊसच फोटोत येतो. तो टाळायला आपण फ्लॅश बाजूला सरकवतो, माशाच्या अगदी जवळ जातो. शटरचा वेगही वाढवला की मागचं पाणी काळंकुट्ट होतं आणि मासा दागिन्यासारखा झळकतो. सुंदर दिसतो, नाही असं नाही. पण त्याचं घर फोटोतून गेलेलं असतं.

लाँगलीला नेमकं ते घरच हवं होतं. प्रवाळातल्या माशांचे रंग भोवतालात मिसळून जाण्यासाठी असतात, असं तो मांडत होता. वरून आलेल्या उजेडात मासा आणि प्रवाळ एकाच प्रकाशात उभे आहेत, जसे ते उन्हात असतात. एवढ्याशा खोलीवरही पाणी लाल रंग आधी गिळतं, म्हणून माशाचा तांबूसपणा दबलेला वाटतो. मला तो दबलेलाच आवडतो. संगणकावर लाल वाढवून घ्यायची आपली खोड इथे फारच उथळ वाटते.

आता थोडं आणखी जवळ जाऊ. फोटो ऑटोक्रोम काचेवरचा. ल्युमिएर बंधूंनी १९०७ साली बाजारात आणलेल्या या काचेवर बटाट्याच्या पिठाचे अतिसूक्ष्म कण नारिंगी, हिरव्या आणि जांभळ्या रंगात रंगवून पसरलेले असत. उजेड आधी या रंगीत कणांतून गाळून येई आणि मग त्यामागच्या संवेदनशील थरावर पोहोचे.

ही झाली काच; आता मासा. हॉगफिश रंग बदलणारा आहे. क्षणात पांढुरका, क्षणात ठिपकेदार, क्षणात विटकरी. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार त्याच्या त्वचेत, रंगपेशींच्या खाली, प्रकाश ओळखणारी प्रथिने असतात. उजेड रंगपेशींतून गाळून त्यांच्यापर्यंत पोहोचतो. आपली कातडी आत्ता कोणत्या रंगाची झाली आहे, याचा अंदाज माशाला यावरून येत असावा, असं संशोधकांना वाटतं. वर रंग, खाली संवेदनशील थर: काचेची रचना तीच आणि माशाचीही तीच! लाँगली-मार्टिनना हे ठाऊक असणं शक्यच नव्हतं. योगायोगच आहे, पण एकदा कळला की फोटो पूर्वीसारखा दिसत नाही.

‘पहिला’ म्हणून या फोटोचं कौतुक भरपूर झालंय. ते बाजूला ठेवलं तरी तो माझ्या लेखी पहिल्या प्रतीचा फोटो आहे. अंदमानला किंवा तारकर्लीला कॅमेरा घेऊन उतरणार असाल तर एक करून बघा. एखाद्या डाइव्हला फ्लॅश बंद ठेवा, दुपारचं ऊन डोक्यावर असताना तीन-चार मीटरवरच थांबा आणि मासा त्याच्या प्रवाळासकट टिपा.