मूळ खेळाची वाट पाहताना

डिसेंबर २०२०मध्ये निन्टेन्डोने 'फायर एम्ब्लेम' मालिकेतला पहिला खेळ इंग्रजीत विक्रीला ठेवला. जपानमध्ये तो १९९० साली फॅमिकॉमवर आला होता. तीस वर्षांनी इंग्रजी अवतार मिळालेला हा खेळ ३१ मार्च २०२१ नंतर पुन्हा विक्रीतून काढून घेण्यात आला. जेमतेम चार महिने. त्याच मालिकेतले 'जिनिऑलॉजी ऑफ द होली वॉर' (१९९६) आणि 'थ्रेशिया ७७६' (१९९९) हे दोन मोठे खेळ तर अधिकृत इंग्रजीत आजवर आलेलेच नाहीत. त्यांचे नायक सिगर्ड आणि लीफ मात्र २०२३च्या 'फायर एम्ब्लेम एंगेज'मध्ये अस्खलित इंग्रजी बोलतात. कंपनीला ही पात्रं हवी आहेत, ती ज्या गोष्टीतून आली ती गोष्ट नको आहे. ती गोष्ट इंग्रजीत वाचता येते ती चाहत्यांनी रात्री जागून केलेल्या भाषांतरामुळे.

जुन्या जपानी आरपीजींच्या (रोल-प्लेइंग खेळांच्या) इंग्रजी भाषांतराबद्दल लिहायचं तर ते एक स्वतंत्र कला म्हणून लिहायला हवं, असं मला ठामपणे वाटतं. या कलेला आता पंचवीसहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, तिच्यात चांगलं-वाईट निवडता येतं, आणि तिने व्यावसायिक भाषांतराची पातळी उंचावली आहे.

आधी ही पोकळी का पडली ते पाहू. ऐंशी-नव्वदच्या दशकात अमेरिकी बाजारात आरपीजी हा चालणारा माल समजला जात नव्हता. ज्याला आपल्याकडे सर्रास 'कॅसेट' म्हणत, त्या कार्ट्रिजमधली जागा महाग होती, आणि इंग्रजी वाक्यं जपानीपेक्षा जास्त जागा खातात. 'फायनल फँटसी'चा चौथा भाग अमेरिकेत 'दोन' म्हणून विकला गेला आणि सहावा 'तीन' म्हणून, कारण मधले भाग तिथे पोचलेच नव्हते. सहाव्या भागाच्या प्रचंड संहितेचं भाषांतर टेड वूल्सी यांना तीस दिवसांत उरकावं लागलं. जागेअभावी संवाद छाटले गेले, निन्टेन्डोच्या नियमांमुळे धार्मिक शब्द बदलले गेले. तरीही त्या भाषांतरात एक लय आहे आणि ती टिकली आहे. जे खेळ आलेच नाहीत, त्यांच्यासाठी मात्र तीस दिवसही कुणी दिले नव्हते.

१९९७च्या अखेरीस आरपीजीई या गटाने 'फायनल फँटसी ५'चा इंग्रजी पॅच प्रसिद्ध केला. पॅच म्हणजे खेळ नव्हे. मूळ खेळाच्या प्रतीत नेमके कोणते बाइट बदलायचे एवढीच नोंद त्यात असते, खेळाची प्रत ज्याची त्याने आणायची. पण ते बाइट बदलणं सोपं नसतं. जपानी लिपीत प्रत्येक अक्षर एकसारख्या चौकटीत बसतं. इंग्रजीतला 'आय' आणि 'डब्ल्यू' एकाच मापाच्या चौकटीत घातले की वाक्य दात पडलेल्या तोंडासारखं दिसतं आणि एका ओळीत दोन-तीन शब्दांपलीकडे काही मावत नाही. म्हणून या गटाने खेळाचं अक्षरं रंगवणारं यंत्रभाषेतलं काम नव्याने लिहिलं आणि प्रत्येक अक्षराला त्याच्या रुंदीइतकीच जागा दिली. मूळ प्रोग्रॅम हातात नाही, कुणी समजावून सांगणारं नाही, समोर फक्त आकडे आहेत, अशा स्थितीत हे झालं. संहिता कितीही उत्तम असली तरी खिडकीत मावली नाही तर ती वाचकापर्यंत पोचत नाही, हे चाहत्यांना पहिल्याच मोठ्या कामात कळलं.

याच खेळातली फॅरिस ही समुद्री चाच्यांची सरदार पुरुषवेषात वावरते, आणि जपानीत ती स्वतःसाठी रांगडे पुरुष वापरतात ते सर्वनाम वापरते. इंग्रजीत 'मी' एकच. १९९९मध्ये मालिकेच्या मालक स्क्वेअर कंपनीने प्लेस्टेशनसाठी खेळ अधिकृत इंग्रजीत आणला तेव्हा भाषांतरकारांनी फॅरिसला नाटकी खलाशी हेल दिला. तो सतत कानाला टोचत राहतो आणि तिच्या गुपिताशी त्याचं काही नातं नाही. आरपीजीईच्या पॅचमधली फॅरिस साधं बोलते, त्यामुळे निदान माणूस म्हणून उभी राहते. मराठीत हा प्रश्न कसा सुटला असता याचा विचार करताना मला मजा वाटते. 'मी जातो' एवढ्यावर तिचा सगळा वेष उभा राहिला असता, आणि एखाद्या बेसावध क्षणी निसटलेलं 'मी जाते' सगळं सांगून गेलं असतं. तू, तुम्ही, आपण यांच्या पायऱ्याही आपल्याकडे तयार आहेत. पण आपल्याकडच्या खेळाडूलाही हे खेळ इंग्रजीतूनच भेटतात. त्यामुळे इंग्रजीत जे निसटतं ते त्याच्याही हातून निसटतं.

सुरुवातीची सगळीच कामं चांगली होती असं नाही. डीजॅप या गटाने 'टेल्स ऑफ फँटेसिया'वर (१९९५) तांत्रिकदृष्ट्या अफाट काम केलं, पण संवादांत मुळापेक्षा कितीतरी भडक आणि शिवराळ रंग भरला. एका हळव्या खेळावर तो भाषांतरकारांच्या वयाचा ठसा आहे. दुसऱ्या टोकाला शब्दाला शब्द ठेवणारी कोरडी भाषांतरं होती. तिथे प्रत्येक पात्र एकाच आवाजात बोलतं आणि विनोदावर कुणी हसत नाही. शिवाय त्या काळातले अनेक पॅच ढोबळ एम्युलेटरवर (संगणकावर कन्सोलची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर) तपासलेले असत. खऱ्या कन्सोलवर चढवले की ते अडखळत. बीएसएनईएस हा अत्यंत काटेकोर एम्युलेटर लिहिणाऱ्या 'निअर'ने (हे टोपणनाव) किशोरवयात 'बहामुट लगून' (१९९६) इंग्रजीत आणायचा प्रयत्न केला होता. दोन दशकांनंतर, २०२१मध्ये, त्याच खेळाचा नवा पॅच आला. प्रत्येक खिडकी, प्रत्येक यादी नव्याने बांधलेली, आणि संहिता क्लाइड मँडेलिन यांची. हे काम मी या कलेच्या अत्युच्च नमुन्यांत धरतो. इतकी तांत्रिक सफाई फार थोड्या अधिकृत आवृत्त्यांत दिसते.

मँडेलिन यांचं नाव अर्थात 'मदर ३'शी कायमचं जोडलेलं आहे. हा खेळ एप्रिल २००६मध्ये गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवर जपानमध्ये आला. त्याचे लेखक शिगेसातो इतोई मुळात जाहिरातींचे प्रख्यात लेखक. 'माय नेबर तोतोरो'मधल्या वडिलांचा आवाज त्यांचाच. खेळ तझमिली नावाच्या गावात घडतो, जिथे पैसा ही गोष्टच ठाऊक नाही. पहिल्याच प्रकरणात लुकास या मुलाची आई मरते, बाप दुःखाने पिसाळतो, आणि पुढे गाव हळूहळू बदलत जातं. घराघरात एक चमकणारी पेटी येते, पैसा येतो, शेजारी शेजाऱ्याकडे संशयाने पाहू लागतो. हे सगळं इतोई अतिशय छोट्या, लहान मुलालाही समजतील अशा वाक्यांत सांगतात, आणि विनोद दुःखाच्या इतका लगत ठेवतात की एकाला धक्का लागला तर दुसरं कोसळतं. अशी संहिता भाषांतरकाराची खरी परीक्षा घेते, कारण लपायला अलंकार नसतात.

ऑक्टोबर २००८मध्ये मँडेलिन आणि सहकाऱ्यांचा पॅच आला. पेशाने भाषांतरकार असलेल्या माणसाने मोकळ्या वेळात केलेलं हे काम. आईच्या मृत्यूची बातमी सांगणाऱ्या प्रसंगात इंग्रजी वाक्यं कुठेही आवाज चढवत नाहीत, आणि डुक्करमुखवटे घातलेल्या शिपायांचा बावळटपणा तितक्याच सहज उतरतो. २०१३मध्ये मँडेलिन यांनी हे भाषांतर निन्टेन्डोला फुकट देऊ केलं. ते घेतलं गेलं नाही. फेब्रुवारी २०२४मध्ये 'मदर ३' स्विचच्या वर्गणीदारांसाठी खुला झाला, पण फक्त जपानमध्ये, जपानीत. चाहत्यांच्या आशेचं सगळ्यात प्रसिद्ध ठिकाण आजही हेच आहे, आणि मला त्यात भाबडेपणा दिसत नाही. चांगलं भाषांतर तयार असताना आशा धरणं अगदी व्यवहार्य आहे.

अशी आशा पूर्ण होऊ शकते याचा पुरावा 'ट्रेल्स' मालिकेत आहे. निहोन फाल्कॉमची ही मालिका म्हणजे अनेक खंडांची कादंबरी. एखादी घटना घडली की गावातला बेकरीवाला, रेल्वेस्थानकातला कारकून, शाळेतली मुलं, सगळ्यांचे संवाद बदलतात, आणि ही माणसं खंडामागून खंड पुढे जगत राहतात. 'ट्रेल्स इन द स्काय'चा पहिला भाग २००४चा, इंग्रजीत २०११मध्ये आला. दुसरा २००६चा, तो २०१५मध्ये. इतक्या मजकुरापुढे छोट्या भाषांतरसंस्थेचा कस लागला. पुढे 'कोल्ड स्टील' हे नंतरचे खंड इंग्रजीत आले, पण त्यांच्या आधीचे क्रॉसबेल शहरातले 'झीरो' (२०१०) आणि 'अझूर' (२०११) राहून गेले. वाचकांनी कादंबरीचा मधला भाग गाळून शेवटाकडे जावं असा प्रकार झाला.

जिओफ्रंट या चाहत्यांच्या गटाने 'झीरो' २०२०मध्ये आणि 'अझूर' २०२१मध्ये इंग्रजीत आणला. त्यांच्याकडे भाषांतरकार वेगळे, संपादक वेगळे, प्रोग्रॅमर वेगळे, आणि दर्जाबद्दलचा आग्रह एखाद्या जुन्या प्रकाशनगृहासारखा. लॉइड बॅनिंग्ज आणि त्याच्या पोलीस सहकाऱ्यांच्या गप्पांत जी सहजता आहे ती संपादनाशिवाय येत नाही. मग घडलं ते विलक्षण होतं. एनआयएस अमेरिका या प्रकाशक कंपनीने हीच भाषांतरं अधिकृत आवृत्त्यांचा पाया म्हणून घेतली, चाहत्यांचे पॅच मागे घेतले गेले, आणि 'झीरो' सप्टेंबर २०२२मध्ये, 'अझूर' मार्च २०२३मध्ये बाजारात आले. मी या घटनेला या क्षेत्रातली सर्वांत महत्त्वाची घटना मानतो. कंपनीने चाहत्यांच्या कामाला संहिता म्हणून मान दिला.

याच्या उलट टोकाची घटनाही सांगितली पाहिजे. 'फायनल फँटसी टाइप-झीरो'चा पॅच जून २०१४मध्ये आला, आणि स्क्वेअर एनिक्सच्या कायदेशीर हालचालींनंतर तो उतरवावा लागला. अधिकृत इंग्रजी आवृत्ती मार्च २०१५मध्ये आली. कायदा कंपनीच्या बाजूने आहे यात शंका नाही. भाषांतराचा हक्क मालकाचाच. पण तो हक्क वापरायचाच नाही आणि दुसऱ्यालाही वापरू द्यायचा नाही, ही भूमिका मला कलेच्या दृष्टीने हानिकारक वाटते.

गेल्या काही वर्षांत कंपन्या जागी झाल्या आहेत, हे खरं. 'लाइव्ह अ लाइव्ह' (१९९४) २०२२मध्ये नव्या रूपात इंग्रजीत आला. 'रॅडिकल ड्रीमर्स' (१९९६) त्याच वर्षी आला. 'ड्रॅगन क्वेस्ट ५' (१९९२) २००९मध्येच डीएसवर आला होता. 'लाइव्ह अ लाइव्ह'चं इंग्रजी तर देखणं आहे. प्रत्येक युगाला स्वतःची बोली आहे, आणि मुळातच निःशब्द असलेलं आदिमानवाचं प्रकरण निःशब्दच राहिलं आहे. पण जवळपास प्रत्येक वेळी भाषांतराचा मान मिळतो तो नव्या आवृत्तीला. सात मंगा चित्रकारांनी, त्यांत 'डिटेक्टिव्ह कोनान'चे गोशो आओयामा, जो मूळ खेळ रेखला, त्या १९९४च्या खेळाला इंग्रजीत अधिकृत अस्तित्व नाही. तो आजही एऑन जेनेसिस गटाच्या २००१च्या पॅचमधूनच भेटतो. अधिकृत म्हणजे पूर्ण, असंही नाही. 'ड्रॅगन क्वेस्ट ४'च्या २००८च्या इंग्रजी आवृत्तीत सोबत्यांशी होणाऱ्या गप्पाच गाळल्या गेल्या.

स्क्वेअर एनिक्सने एकदा योग्य रीत दाखवली होती. 'सेइकेन देन्सेत्सु ३' (१९९५) २००० सालापासून चाहत्यांच्या पॅचमधून इंग्रजीत खेळला जात होता. २०१९मध्ये 'कलेक्शन ऑफ मॅना'त कंपनीने जुनाच, ठिपक्यांच्या चित्रांचा खेळ नव्या इंग्रजीसह दिला, आणि पुढच्या वर्षी त्याची त्रिमितीय आवृत्ती वेगळी काढली. दोन्ही शेजारी शेजारी उभे आहेत. हाच पायंडा पडायला हवा होता, पडला नाही.

आता नवी अडचण यंत्रभाषांतराची. संहिता यंत्रात घालून काही दिवसांत तयार केलेले पॅच सर्रास दिसू लागले आहेत. ज्याला काहीच वाचता येत नव्हतं त्याला थोडं कळतं, एवढा त्यांचा उपयोग मान्य. पण जपानी वाक्यात कर्ता बहुधा गाळलेला असतो, आणि जुन्या खेळांच्या स्मृतीत संवाद प्रसंगाच्या क्रमाने नसतात. कोण कुणाशी बोलतंय हे खेळ खेळल्याशिवाय समजत नाही. यंत्र ते अंदाजाने ठोकतं, आणि अंदाज चुकला तरी वाक्य गुळगुळीत येतं, त्यामुळे वाचकाला चूक दिसतच नाही. याहून मोठं नुकसान वेगळं आहे. एखाद्या खेळाचा असा पॅच निघाला की 'हा झालेला आहे' अशी नोंद होते आणि जाणता भाषांतरकार दुसरीकडे वळतो.

साठवणुकीची अवस्थाही नाजूक आहे. २००५पासून हजारो पॅच सांभाळणाऱ्या रोमहॅकिंग.नेट या संग्रहाने ऑगस्ट २०२४मध्ये नवी कामं घेणं थांबवलं आणि संग्रहाची प्रत इंटरनेट आर्काइव्हकडे सोपवली. प्रत वाचली हे चांगलंच झालं. पण जिथे नव्या भाषांतरकाराला जुने कान पकडत, चुका दाखवत, ती जागा प्रत ठेवून टिकत नाही.

काही कामांबाबत तर आशा धरायलाही मुदत आहे. 'शायनिंग फोर्स ३'चे तीन भाग जपानमध्ये १९९७-९८मध्ये निघाले. एकच युद्ध तीन बाजूंनी सांगणारे, एका भागातले निर्णय पुढच्यात नेणारे. अमेरिकेला पहिलाच मिळाला, उरलेले दोन चाहत्यांनी पूर्ण केले. निदान त्यांच्या चकत्या घरोघरी आहेत आणि उद्याही त्यांवर काम करता येईल. 'ड्रॅगन क्वेस्ट १०'चं तसं नाही. २०१२पासून चालणारा हा ऑनलाइन खेळ सर्व्हरवर जगतो, आणि अधिकृत इंग्रजीत तो कधीच आला नाही. २०२२ची ऑफलाइन आवृत्तीही जपानीतच राहिली. आज चाहते खेळ चालू असताना त्यावर इंग्रजी चढवणारी साधनं वापरून तो खेळतात. सर्व्हर बंद झाले की चढवायला खाली काही उरणार नाही, म्हणून त्याच्या भाषांतरासाठी स्क्वेअर एनिक्सकडे मागणी करायची ती आत्ता करायला हवी.