ओझिलचा वाद

उत्तर लंडनच्या आर्सेनल या फुटबॉल संघांत मेसुत ओझिल हा जर्मन मिडफील्डर सप्टेंबर २०१३ मध्यें दाखल झाला आणि जानेवारी २०२१ मध्यें तेथून बाहेर पडला. हा काळ जवळजवळ साडेसात वर्षांचा भरतो. या साडेसातींत पीडा कोणाची झाली, संघाची कीं ओझिलची, या एका प्रश्नावर त्या संघाच्या चाहत्यांत जो वाद माजला तो ओझिल निघून गेल्यावरहि शमला नाहीं. एका पक्षाचें म्हणणें असें कीं, एवढ्या प्रतिभेचा खेळाडू आर्सेनलला पुन्हां लाभणें कठीण. दुसऱ्याचें असें कीं, एवढा आळशी मनुष्य एवढ्या पगारावर पोसण्याची चूक त्या संघानें पुन्हां करूं नये. गंमत अशी कीं, दोन्ही पक्षांनीं पाहिले ते तेच सामने, आणि पुष्कळदां शेजारीं शेजारीं बसून.

वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकांत चेंडूच्या खेळाची चर्चा कशाला, असें कोणी विचारील. आम्हांलाहि हा वाद प्रथम कळला तो वसतिगृहांतल्या विद्यार्थ्यांमुळें. रात्रीं जागून सामना पाहावयाचा आणि सकाळीं तासाला डोळे चोळीत बसावयाचें, असा ज्यांचा नेम होता त्या दोघां मुलांचें भांडण सोडवावयास आम्ही गेलों आणि स्वतःच त्यांत गुंतलों. पुढें ध्यानांत आलें कीं, ग्रंथाचें परीक्षण करतांना आपण विद्वान् म्हणविणारे लोक जे प्रमाद करतों, तेच येथें उघड्यावर, भरदिवसा आणि मोठ्या आवाजांत होत आहेत. चाहता हा टीकाकारच आहे. त्याला परिभाषा नसते, पण पदरमोड करून तो पाहतो, आणि ज्याच्यावर टीका करावयाची त्याच्यावर त्याचें प्रेम असतें. या दोन्ही गोष्टी आमच्या व्यवसायांत दुर्मिळ आहेत.

ओझिल आला तेव्हां आर्सेनलनें २००५ नंतर एकहि मोठें पारितोषिक जिंकलें नव्हतें. नव्या मैदानाच्या खर्चापायीं हात आखडलेला होता, आणि चांगले खेळाडू एकामागून एक दुसऱ्या संघांकडे जात होते. अशा वेळीं रेआल माद्रिदला सव्वाचार कोटी पौंड मोजून पंचविशीच्या उंबरठ्यावरचा हा खेळाडू आणला गेला. त्या संघानें तोंवर कोणासाठींहि एवढी रक्कम दिली नव्हती. पहिल्या हंगामाच्या अखेरीस, मे २०१४ मध्यें, एफए कप हातीं आला. २०१५ व २०१७ मध्यें तो पुन्हां आला. लीगचें विजेतेपद मात्र एकदांहि मिळालें नाहीं. वादाचें मूळ आम्हांला येथेंच दिसतें. जें मिळालें तें थोडें नव्हतें, पण आशेएवढें नव्हतें. आणि अशा वेळीं दोष ठेवावयास एक माणूस लागतो.

निंदकांचा मुख्य आक्षेप ओझिलच्या देहावर होता. खांदे पडलेले, चाल संथ, पास चुकला कीं हात पसरून उभें राहावयाचें, प्रतिस्पर्ध्याच्या पायांतून चेंडू हिसकावून घेण्याची हौस नाहीं. फेब्रुवारी २०१४ मध्यें बायर्न म्यूनिकविरुद्ध स्वतःच्या मैदानावर आरंभींच त्याला पेनल्टी मारावयास मिळाली. ती त्यानें अशी मवाळपणें मारली कीं, गोलरक्षक नॉयरला ती अडवावयास फारसे सायास पडले नाहींत. सामना आर्सेनल ०-२ असा हरला. तेव्हांपासून 'मोठ्या सामन्यांत हा दिसत नाहीं' हें वाक्य रूढ झालें, आणि एकदां रूढ झालेल्या वाक्याला पुरावे आपोआप मिळूं लागतात.

आमच्या नाट्यशास्त्रांत भाव आणि अनुभाव असा भेद केलेला आहे. मनांतला भाव दिसत नाहीं. घाम, कंप, अश्रु अशा बाह्य चिन्हांवरून प्रेक्षक तो ओळखतो. रंगभूमीवर हें योग्यच आहे, कारण नट तीं चिन्हें प्रेक्षकासाठींच प्रकट करीत असतो. परंतु फुटबॉलचा खेळाडू नट नव्हे. त्याचे खांदे पडलेले आहेत यावरून त्याचें मन पडलेलें आहे असें अनुमान काढणें म्हणजे मैदानाला रंगभूमि समजणें होय. प्रेक्षकाला तेंच हवें असतें, ही खरी अडचण आहे. हातचा गेलेला चेंडू गांठण्यासाठीं जो जिवाच्या आकांतानें धांवतो आणि गवतावर घसरत जातो, त्याच्यासाठीं टाळ्या पडतात. तो मुळांत चुकीच्या जागीं उभा होता म्हणून त्याला घसरावें लागलें, हें कोणी पाहत नाहीं. जो आधींच योग्य जागीं जाऊन उभा राहतो तो आळशी ठरतो. ओझिलवर झालेल्या टीकेपैकीं निम्मी टीका या जातीची आहे, आणि ती आम्ही बाद समजतों.

परंतु म्हणून समर्थकांची बाजू बळकट ठरते असें नाहीं. त्यांनीं निंदेला उत्तर म्हणून आंकडे काढले. गोल होण्यापूर्वींचा शेवटचा पास ज्याचा, त्याच्या नांवावर एक 'असिस्ट' जमा होतो. २०१५-१६ च्या हंगामांत ओझिलचे लीगमध्यें १९ असिस्ट झाले. थिएरी हेन्रीनें २००२-०३ मध्यें केलेला २० चा विक्रम त्या वेळीं अबाधित होता; तेथपर्यंत पोंचावयास ओझिलला एकच कमी पडला. हा आंकडा समर्थक मंत्रासारखा म्हणत असत. आतां याच आंकड्याचें पोट फाडून पाहावें. त्या १९ पैकीं १६ असिस्ट हंगामाच्या पहिल्या अर्ध्या भागांतले आहेत आणि उरलेल्या साऱ्या भागांत अवघे ३. त्या वर्षीं बलाढ्य संघ सारे अडखळत होते, विजेतेपद दाराशीं येऊन उभें होतें. तें लेस्टरनें नेलें आणि आर्सेनल दुसरा आला. समर्थक म्हणतात, वसंत ऋतूंतहि पास पूर्वीसारखेच येत होते, पुढच्यांनीं गोल केले नाहींत. निंदक म्हणतात, कसोटीची वेळ आली आणि हा नाहींसा झाला. एकच आंकडा दोन्ही पक्षांच्या कामीं आला!

याचें कारण उघड आहे. असिस्ट ही वस्तूच दोघांच्या सामाईक मालकीची आहे. पास कितीहि नेमका असला तरी पुढचा चुकला तर तो वहींत चढत नाहीं, आणि साधा पास घेऊन पुढच्यानें तीस यार्डांवरून चेंडू जाळ्यांत मारला तर तो चढतो. याच्या उलटहि घडतें. ऑक्टोबर २०१८ मध्यें लेस्टरशीं झालेल्या सामन्यांत ओझिल संघनायक होता. आर्सेनलच्या दुसऱ्या गोलाच्या वेळीं त्यानें बचावाच्या फटींतून उजव्या बाजूस बेलेरिनकडे जो पास सोडला, त्यानें सारा प्रतिपक्ष एका क्षणांत निरुपयोगी झाला. बेलेरिननें चेंडू आडवा दिला, ऑबामेयांगनें तो जाळ्यांत लोटला. असिस्ट बेलेरिनचा, गोल ऑबामेयांगचा. ज्यानें दार उघडलें त्याचें नांव हिशेबांत कोठेंच नाहीं. काव्यांतले अलंकार मोजून कवीची योग्यता ठरविणारे पंडित आम्हीं पाहिले आहेत. त्यांची मोजणी चुकत नसे. मोजावयाचें तें मात्र मोजणीबाहेर राही.

मग ओझिलपाशीं होतें तरी काय? आम्हांला वाटतें, त्याच्यापाशीं वेळ होता. इतर खेळाडू चेंडू आल्यावर विचार करतात. हा चेंडू येण्यापूर्वीं मान वळवून पाहून घेई, आणि चेंडू आला कीं त्याला घाई नसे. भोंवतीं चारचौघे धांवत असतां तो अर्धा क्षण थांबे, त्या थांबण्यानें बचावपटूचें पाऊल चुके, आणि मग पास जाई. तोहि पुढच्याच्या पायांत नव्हे, तर तो दोन पावलांनंतर जेथें असेल तेथें, आणि त्याला पाऊल मोडावें लागूं नये इतक्याच जोरानें. पासाला वजन असतें ही गोष्ट आम्ही ओझिलमुळें शिकलों. हें सारें दूरचित्रवाणीवर अर्धेमुर्धेंच दिसतें, कारण कॅमेरा चेंडूमागें जातो आणि ओझिलचें काम चेंडू येण्याच्या आधींच सुरूं झालेलें असतें.

दोन्ही पक्षांचें एकमत झालेला एक प्रसंग मात्र आहे. नोव्हेंबर २०१६ मध्यें सोफिया येथें लुदोगोरेत्स या बल्गेरियन संघाविरुद्ध आर्सेनल दोन गोलांनीं मागें पडून बरोबरीस आला होता. शेवटचीं दोन-तीन मिनिटें उरलीं असतां ओझिल एकटाच पुढें निसटला. बाहेर धांवत आलेल्या गोलरक्षकाच्या डोक्यावरून त्यानें चेंडू उचलला, आडवे आलेले दोघे बचावपटू नुसत्या हुलकावणीनें जमिनीवर लोळविले, आणि रिकाम्या जाळ्यांत चेंडू सोडून दिला. त्या रात्रीं निंदकहि नाचले. पण एकमत झालें तें कशावर? ज्या एका गोष्टींत त्याला पुढें कोणाची गरज पडली नाहीं, तिच्यावर. एरव्हीं त्याचें सारें कसब दुसऱ्याच्या पायांनीं पुरें व्हावयाचें असे.

आमच्याकडे फडके आणि खांडेकर यांच्या नांवांशीं जोडलेला 'कलेसाठीं कला कीं जीवनासाठीं कला' हा वाद ज्यांनीं वाचला आहे त्यांना येथें ओळखीचा वास येईल. निंदकांनीं ओझिलला पहिल्या गोटांत ढकललें: हा सौंदर्याचा षौकीन, संघाच्या घामाशीं याला कर्तव्य नाहीं. आम्हांला ही वांटणी मुळींच मान्य नाहीं. ज्याचें प्रत्येक कृत्य दुसऱ्याच्या हातून गोल व्हावा यासाठीं आहे, त्याला स्वार्थी कलावंत कसें म्हणावें? एका हंगामांतल्या एकोणीस गोलांचा आनंद त्यानें इतरांना वांटला. हें जीवन नव्हे तर काय?

मात्र याच विचारानें निघालें तर समर्थकांना न रुचणारा निष्कर्षहि पत्करावा लागतो. ज्याचा गुण दुसऱ्याच्या आधारानें प्रकट होतो, त्याचें मोल भोंवतालच्या माणसांबरोबर वाढतें आणि घटतें. माद्रिदला त्याच्या पुढें रोनाल्डोसारखा धांवणारा होता. आर्सेनलमध्यें पुष्कळ काळ पुढें होता तो जिरू; मोठा गुणी खेळाडू, पण पाठीवर बचावपटू घेऊन उभा राहणारा, मागच्या मोकळ्या जागेंत सुटणारा नव्हे. आणि दरम्यान खेळहि बदलला. चेंडू गेल्या क्षणीं पुढच्या फळीपासूनच प्रतिपक्षावर तुटून पडावयाचें, ही पद्धति इंग्लंडांत रूढ होत गेली, आणि दहांनीं धांवून एकाला विचार करावयास मोकळें ठेवण्याची चैन परवडेनाशी झाली. २०१८ मध्यें वेंगरनंतर एमरी प्रशिक्षक झाले. त्यांनीं परक्या मैदानांवर ओझिलला वारंवार बाहेर बसविलें. यांत त्यांचा आकस होता असें समर्थक म्हणतात. आम्हांला तसें वाटत नाहीं. ज्या संघाला स्वतःच्या अर्ध्या भागांत चेंडूहि राखतां येत नाहीं त्याला ओझिलचा उपयोग करून घेतां येत नाहीं, आणि तो संघ तेव्हां तसाच होता. हा दोष ओझिलचा नव्हे. तरीहि त्याला बाहेर ठेवणें चूक ठरत नाहीं. या दोन गोष्टी एकाच वेळीं खऱ्या असूं शकतात हें वसतिगृहांतल्या आमच्या दोघांहि पंडितांना शेवटपर्यंत पटलें नाहीं.

पुढें वाद नासला. फेब्रुवारी २०१८ च्या नव्या करारांत त्याचा पगार आठवड्याला साडेतीन लाख पौंड ठरल्याचें वृत्तपत्रांनीं छापलें, आणि मोलाची चर्चा किंमतीची झाली. प्रत्येक चुकलेल्या पासाचे पौंड होऊं लागले. त्याच वर्षीं विश्वचषकांत जर्मनी पहिल्याच फेरींत गारद झाला. तुर्कस्तानचे अध्यक्ष एर्दोगान यांच्याबरोबर काढलेल्या छायाचित्रावरून त्याच्यावर आधींच गहजब झालेला होता. तेव्हां जुलैमध्यें राष्ट्रीय संघ सोडतांना, जिंकलों कीं मी जर्मन आणि हरलों कीं परका, अशा आशयाची तक्रार त्यानें लिहून प्रसिद्ध केली. छायाचित्राचा प्रमाद आम्ही लहान मानीत नाहीं. परंतु एका तुर्की कुटुंबांत, गेल्सेनकिर्शेन येथें जन्मलेल्या या माणसाच्या पडलेल्या खांद्यांवरून आधीं आळस, मग भ्याडपणा आणि अखेर देशनिष्ठेचा अभाव वाचला गेला, हा क्रम पाहिल्यावर अनुभावांवरून माणूस ओळखण्याची ही रीत किती घसरणीची आहे हें कळतें. लंडनच्या चाहत्यांपैकीं जे रागाच्या भरांत त्या जर्मन टीकाकारांच्या सुरांत सूर मिसळून बसले, त्यांनीं पुढें कधीं तें बोलणें परत घेतल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

डिसेंबर २०१९ मध्यें आर्टेटा प्रशिक्षक झाले आणि त्यांनीं त्याला पुन्हां खेळविलें. ७ मार्च २०२० रोजीं वेस्ट हॅमविरुद्ध प्रेक्षकांनीं भरलेल्या मैदानावर सामना अखेरपर्यंत बरोबरींत रेंगाळला होता. गोलासमोर उडालेला एक चेंडू ओझिलनें डोक्यानें लाकाझेटकडे वळविला, आणि लाकाझेटनें गोल केला. रेषेवरच्या पंचानें निशाण वर केलें: ऑफसाइड. मग चित्रफीत तपासण्यांत आली, पुष्कळ वेळ गेला, आणि गोल ग्राह्य ठरला. असिस्ट ओझिलच्या नांवावर चढला. त्यानंतर महामारीनें खेळ थांबला. तो पुन्हां सुरू झाला तेव्हां मैदानें रिकामीं होतीं, आणि आर्सेनलसाठीं ओझिल पुन्हां कधीं खेळला नाहीं.