तिकीट कोणाच्या हातात?

गाडीत दोन अनोळखी पोरं समोरासमोर बसतात, बोलू लागतात, जीव जडतो आणि स्टेशन येतं. किशोरवयीन प्रेमकथेचा हा साचा हमखास खपतो. पण लिहिणारे बहुतेक जण एक गोष्ट विसरतात. त्या वयात प्रवास आपला नसतोच. कुठं जायचं, कधी उतरायचं ते मोठ्यांनी ठरवलेलं असतं आणि तिकीट बाबांच्या खिशात असतं. ज्याला ही परस्वाधीनता दिसली, त्याचीच गोष्ट जमते.

१९९५ सालचे दोन चित्रपट पाहा. रिचर्ड लिंकलेटरच्या ‘बिफोर सनराइज’मध्ये जेसी सेलीनला व्हिएन्नाला उतरण्याची गळ घालतो आणि ती उतरतेही. पुढच्यांनी यातल्या रात्रभराच्या गप्पा तेवढ्या उचलल्या. ती दोघं विशीतली आहेत, मनात येईल तिथं उतरू शकतात, हे कुणी ध्यानात घेतलं नाही. ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’मधल्या सिमरनला मात्र युरोपचा एक महिना बापाकडे मागून घ्यावा लागतो. म्हणून तिची गाडी चुकते तेव्हा आपल्याही पोटात गोळा येतो. (मध्यंतरानंतर तो चित्रपट प्रवासाचा राहत नाही, ती गोष्ट वेगळी.)

कादंबऱ्यांत जेनिफर ई. स्मिथची ‘द स्टॅटिस्टिकल प्रॉबेबिलिटी ऑफ लव्ह अ‍ॅट फर्स्ट साइट’ मला सरस वाटते. १७ वर्षांची हॅडली न्यूयॉर्कच्या विमानतळावर ४ मिनिटं उशिरा पोचते आणि विमान हुकतं. निघाली आहे ती लंडनला, वडिलांच्या दुसऱ्या लग्नाला, तेही मनाविरुद्ध. पुढच्या विमानात शेजारी ऑलिव्हर. रात्र सरते, हीथ्रो येतं आणि पासपोर्ट तपासणीच्या वेगवेगळ्या रांगा दोघांची ताटातूट करतात. खलनायक नाही, गैरसमज नाही, नुसती रांग! २०२३ मध्ये यावर चित्रपट निघाला तेव्हा हॅडली २० वर्षांची झाली आणि ताटातुटीसाठी फोन बंद पाडावा लागला. विशीतल्या मुलीला नको असलेल्या लग्नाला न जाण्याची सोय असते. गोष्टीतली हवा तिथंच निघून गेली.

गेल फोरमनच्या ‘जस्ट वन डे’मधली (२०१३) अ‍ॅलिसन आखीव सहल सोडून विलेमबरोबर पॅरिसला जाते. सकाळी तो गायब, आणि हिला त्याचं आडनावही ठाऊक नाही. प्रेमाचा दिवस जरा गोडमिट्ट झालाय. खरी कादंबरी आहे ती त्यानंतरच्या वर्षाची, आईच्या अपेक्षांखाली घुसमटण्याची.

मराठीत आडनाव ठाऊक नसणंच अवघड. ‘शाळा’ असो, ‘टाइमपास’ असो की ‘सैराट’, पोरांना एकमेकांचं घरदार आधीच माहीत असतं. ‘सैराट’मध्ये गाडी येते ती पळून जाताना. ‘मुंबई-पुणे-मुंबई’त (२०१०) दोघं अनोळखी म्हणून पुणं पालथं घालतात, शेवटी कळतं की हा तर तिला सांगून आलेलं स्थळच! चित्रपट गोड आहे, पण अनोळखी माणसावर भरवसा ठेवायची आपली तयारी तेवढीच.

वास्तविक गणपतीत खच्चून भरलेल्या कोकण रेल्वेच्या डब्यात ही कथा आयतीच बसलेली असते. पोरं खिडकीशी, चोरून बघताहेत. मोठी माणसं डबे उघडतात, “कुठले तुम्ही?” विचारतात, आणि पोरांनी एकमेकांचं नाव विचारायच्या आत चिपळूणच्या मावशीकडून त्यांना मावसभावंडं करून टाकतात. यावर कुणी कादंबरी लिहिल्याचं माझ्या वाचनात नाही.