पडद्यावरचे विज्ञान आणि आपला वर्ग

विज्ञानावरचा एखादा चित्रपट गाजला की त्याचे पडसाद वर्गात उमटतातच. "बाई, पुऱ्या तळायच्या युक्तीने खरेच मंगळावर जाता येते का?" असा प्रश्न आला तर तो हसून टाळू नये. आपल्या आठ-दहा तासिकांतून जे मनावर ठसत नाही, ते दोन तासांच्या चित्रपटातून सहज ठसते. चांगलेही आणि चुकीचेही. म्हणून गेल्या काही वर्षांतील तीन कलाकृती आम्ही मुद्दाम शिक्षकाच्या नजरेने पाहिल्या. अभिनय आणि संगीत यांची चर्चा इतरत्र पुष्कळ झाली आहे. आम्ही एकच कसोटी लावली : शास्त्रज्ञ विचार कसा करतात, हे पाहणाऱ्याला कळते का?

पहिला चित्रपट 'मिशन मंगल' (२०१९). यातली तारा शिंदे (विद्या बालन) पुरीचे उदाहरण देते. तेल तापल्यावर गॅस बंद केला तरी पुऱ्या तळल्या जातात. तसेच यानाचे इंजिन मधूनमधून चालवून इंधन वाचवता येईल, असे ती सुचवते. स्त्रिया घर सांभाळून अवकाशविज्ञानाचे काम करताना दिसतात, ही या चित्रपटाची जमेची बाजू. पुरीचे उदाहरण मात्र तपासून घ्यायला हवे.

मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटले. त्याचे वजन १३३७ किलो होते. एवढे वजन थेट मंगळाकडे फेकण्याइतकी ताकद पीएसएलव्ही रॉकेटमध्ये नव्हती. त्याने यान पृथ्वीभोवतीच्या लांबट कक्षेत सोडले. या कक्षेचे जवळचे टोक जमिनीपासून सुमारे २५० किमी, तर दूरचे सुमारे २३,५०० किमी उंचीवर होते. जवळच्या टोकापाशी यानाचा वेग सेकंदाला सुमारे १० किमी, तर दूरच्या टोकाला जेमतेम २ किमी. इंजिन चालवायचे ते जवळच्या टोकापाशी, कारण बल तेवढेच असले तरी वेग जास्त असल्याने त्या एका सेकंदात यान अधिक अंतर कापते. कार्य म्हणजे बल गुणिले अंतर, हे सूत्र आपण नववीला शिकवतो. म्हणजे तेवढ्याच इंधनात यानाला अधिक ऊर्जा मिळते. इंजिन लहान असल्याने हे काम एका फेरीत होईना. म्हणून कक्षा टप्प्याटप्प्याने वाढवत नेली आणि १ डिसेंबर २०१३ रोजी यान मंगळाच्या वाटेला लागले.

पुरीत यातले काय येते? इंजिन बंद असतानाही प्रवास चालू राहतो, एवढेच. पण गॅस बंद केल्यावर तेल निवत जाते, आणि अवकाशात इंजिन बंद केलेल्या यानाचे काहीच 'निवत' नाही. बल थांबले की गती हळूहळू संपते, ही समजूत मुलांच्या मनात आधीच पक्की असते. न्यूटनचा पहिला नियम शिकवताना आपण तिच्याशीच झगडतो. पुरी नेमकी त्याच समजुतीला खतपाणी घालते. तेव्हा उदाहरण जरूर वापरावे, पण ते कुठे तुटते हे मुलांकडूनच शोधून घ्यावे.

दुसरी मालिका 'रॉकेट बॉइज' (२०२२ आणि २०२३). होमी भाभा आणि विक्रम साराभाई यांची मैत्री, त्यांची स्वप्ने, संस्था उभारताना झालेली ओढाताण हे सारे त्यात जिवंत उतरले आहे. जिम सर्भ यांचे भाभा मनात राहतात. आमची तक्रार रझा मेहदी या काल्पनिक पात्राबद्दल आहे. हा कलकत्त्याचा शास्त्रज्ञ भाभांचा प्रतिस्पर्धी म्हणून येतो आणि त्याच्यात अनेकांना मेघनाद साहा यांची छाया दिसली. खरे साहा ढाक्याजवळच्या खेड्यातल्या गरीब दुकानदाराचे पुत्र. जातीमुळे अपमान सोसून ते शिकले आणि १९२० साली ताऱ्यांच्या वर्णपटांचा अर्थ लावणारे आयनीभवनाचे समीकरण त्यांनी मांडले. अणुऊर्जेच्या कामातील गुप्तता आणि एकाच ठिकाणी एकवटलेली सत्ता यांना त्यांचा विरोध होता. तो त्यांनी संसदेतही मांडला. हा धोरणाविषयीचा मतभेद होता. पडद्यावर त्याला हेव्यादाव्याचा रंग चढतो. विज्ञानात मतभेद असणे हा दोष नव्हे, हे शिकवण्याची संधी त्यामुळे हुकते. आणि आपल्या वर्गातल्या शेवटच्या बाकावर साहांसारखीच मुले बसलेली असतात. त्यांना साहांची खरी गोष्ट कळायला हवी.

तिसरी परदेशी मालिका 'चेर्नोबिल' (२०१९), पाच भागांची. शेवटच्या भागात शास्त्रज्ञ लेगासोव्ह न्यायालयात लाल आणि निळ्या पाट्या लावत स्फोटाचे कारण समजावतात. साखळी अभिक्रिया वाढवणाऱ्या गोष्टी लाल, रोखणाऱ्या निळ्या. पाण्याची वाफ, न्यूट्रॉन गिळणारा झेनॉन, बाहेर काढलेल्या नियंत्रक कांड्या, त्यांना जोडलेले ग्रॅफाइट : एकेक पाटी लागते आणि निघते, तसतसा तोल बिघडताना दिसतो. प्रत्यक्षात लेगासोव्ह त्या खटल्याला हजर नव्हते. उल्याना खोम्युक हे पात्रही काल्पनिक आहे. शिवाय किरणोत्सर्गाचा आजार जणू संसर्गजन्य असावा असा समज मालिकेमुळे होतो. तो चुकीचा आहे. तरीही आमच्या कसोटीला हीच मालिका सर्वांत अधिक उतरते. कारणांची साखळी ती पाहणाऱ्यापुढे उघडी मांडते. आपल्या व्यवस्थेला नको असलेले सत्य सांगण्याची किंमत काय असते, हेही ती दाखवते. प्रसंग खूप भयानक असल्याने ती लहान मुलांना दाखवू नये. पाट्यांचा प्रसंग मात्र फळ्यावर खडूने सहज मांडता येईल.

मुलांनी असे काही पाहिले असेल तर त्यांना तीन प्रश्न विचारून पाहावेत. हे शास्त्रज्ञांना कळले कसे? ते बरोबर आहे याची खात्री त्यांनी कशी केली? आणि पडद्यावरच्या गोष्टीत कोणाला वगळले, कोणाला बदलले? उत्तरे शोधायला मुले पुस्तकांकडे वळली, तर चित्रपटाचे तिकीट वसूल झाले असे समजावे.